‘नाट्यगृहात व्हीलचेअर नको’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या शुक्रवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मावशीने टाकला, तिला तिच्या भिशीच्या ग्रुपवरून आलेला, आणि त्यानंतर तोच मला सोसायटीच्या ग्रुपवर आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून असा अजून दोनदा आलाय. सुरुवात ‘रसिकांनो, जागे व्हा’. थोडक्यात म्हणणं असं, की मुंबईतल्या नाट्यगृहांत आणि गाण्याच्या हॉलमध्ये दिव्यांगांसाठी सोयी मागणं चुकीचं आहे, कारण व्हीलचेअर आत असली तर आग लागल्यावर लोक अडकून मरतात आणि म्हणून फायरच्या नियमात तिला मनाईच आहे, कायदा फक्त सरकारी ऑफिसांना लागू आहे, एका व्हीलचेअरपायी चार खुर्च्या जातात आणि तिकीट आपल्याला महाग पडतं, बहिऱ्यांना गाण्याचा आणि आंधळ्यांना नाटकाचा काय उपयोग, रॅम्पला लाखो रुपये लागतात, आणि शेवटी, घरी टीव्हीवर सगळं बघता येतं की.

मी असले मेसेज वाचून सोडून देते. पण हा बाबांनी वाचला. बाबा ७३ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, घरात काठीने चालतात पण बाहेर व्हीलचेअर लागते. रविवारच्या नाट्यसंगीताच्या मैफलीची तिकिटं मी काढून ठेवली होती. शनिवारी सकाळी म्हणाले, माझं तिकीट कुणाला तरी दे, उद्या काही झालं तर माझ्यामुळे माणसं अडकायची. ज्या माणसाने चाळीस वर्षं शिवाजी मंदिरच्या खिडकीवर उभं राहून, प्लॅन बघून, स्वतःची रांग निवडून तिकिटं काढली, तो माणूस स्वतःला आगीतला अडथळा समजायला लागला, एका फॉरवर्डमुळे. म्हणून हे लिहितेय, आणि मावशी, तू पण वाच.

आगीचंच आधी घेते कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच मुद्दा करतोय. फायरच्या नियमात व्हीलचेअरला मनाई आहे हे साफ खोटं आहे. उलट नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ या देशपातळीवरच्या बांधकाम नियमावलीत ज्येष्ठ आणि दिव्यांग माणसांना इमारतीत कसं वावरता यावं यावर एक अख्खं परिशिष्ट आहे. आता यातला अर्धा खरा भाग मला कबूल करावा लागेल, आणि करते. मधल्या वाटेत उभी केलेली व्हीलचेअर हा अडथळाच असतो. पण ती वाटेत का उभी राहते? रांगेत तिला जागाच ठेवलेली नसते म्हणून! रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या काढल्या, तिथे जमीन सपाट असली आणि दार जवळ असलं, की व्हीलचेअर रांगेतच बसते आणि वाट मोकळी राहते. म्हणजे फॉरवर्डवाला ज्या धोक्याची भीती घालतोय त्यावरचा उपाय म्हणजे नेमकी तीच सोय, जी तो नको म्हणतोय.

आणि प्रेक्षागृहात माणसं कशाने मरतात हे आपल्या देशाला माहीत आहे. १३ जून १९९७, दिल्लीचं उपहार थिएटर. खालच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर बाल्कनीत गेला, ५९ माणसं गेली. पुढे कोर्टात वर्षानुवर्षं चर्चा झाली ती कशाची, तर जास्तीच्या खुर्च्या बसवून बंद केलेल्या बाहेर पडायच्या वाटेची आणि कड्या लावलेल्या दारांची. आपल्याकडे हाउसफुल्लचा बोर्ड लागल्यावर बाजूच्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकतात ते तुम्ही पाहिलंय ना? मीही पाहिलंय, आणि गप्प बसलेय. त्यावर एकही फॉरवर्ड आलेला नाही. ज्याला खरंच आगीची काळजी आहे त्याने त्या खुर्च्यांवर लिहावं, माझ्या बापावर नको.

कायदा फक्त सरकारी ऑफिसांना, हा मुद्दा वाचून तर मला वाटलं की लिहिणाऱ्याने कायद्याचं पहिलं पानसुद्धा उघडलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यातल्या कलम २ मध्येच सार्वजनिक इमारत म्हणजे काय ते सांगितलंय, सरकारी किंवा खाजगी, लोक वापरतात अशी कुठलीही, आणि त्या यादीत सांस्कृतिक आणि करमणुकीच्या कामासाठी वापरली जाणारी इमारत स्पष्ट शब्दांत आहे. यापेक्षा सरळ काय लिहायचं? कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा आणि वापर करता यावा यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला परवानगीच द्यायची नाही, आणि कलम ४५ मध्ये जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या केसमध्ये यावर निकाल दिला. रतुरी स्वतः दृष्टिहीन, याचिका २००५ ची. कोर्टाने म्हटलं की या कायद्याखाली सरकारने केलेला सुगम्यतेबद्दलचा नियम १५(१) नुसता शिफारशीसारखा आहे, तो मूळ कायद्याशी सुसंगत नाही, आणि केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. म्हणजे कोर्टाचं म्हणणं, जमलं तर करा असं नाही, करावंच लागेल.

खुर्च्यांचा हिशोब. चार खुर्च्या जात नाहीत. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटिमीटर रुंदी लागते, नाट्यगृहातली खुर्ची ५०-५५ ची, म्हणजे दोन. अमेरिकेतल्या नियमाने हजार खुर्च्यांच्या हॉलला व्हीलचेअरच्या दहा जागा लागतात, म्हणजे शेकडा एक, आणि प्रत्येकीच्या शेजारी सोबत आलेल्या माणसाची एक खुर्ची. शिवाय त्या दोन खुर्च्या काढता-घालता येणाऱ्या ठेवल्या तर ज्या दिवशी कुणी आलं नाही त्या दिवशी परत लावा आणि विका. तिकीट महाग होतं ते यामुळे नाही. आणि आम्ही बाबांचं तिकीट पूर्ण पैसे देऊन काढतो.

बहिऱ्यांना गाण्याचा काय उपयोग हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरात कानाचं मशीन लावणारं कुणी नसेल असं होणारच नाही, साठीच्या पुढे किती जणांना लागतं ते बघा. ऐकू कमी येणं म्हणजे शून्य ऐकू येणं नाही. मशीनचा त्रास वेगळाच असतो, हॉलमध्ये गायकाचा आवाज, मागच्या रांगेतली कुजबुज, वेफर्सची पिशवी, पंख्याची घरघर, सगळं ते एकत्र मोठं करतं. त्यावर उपाय आहे, इंडक्शन लूप. प्रेक्षागृहात कडेने एक तार फिरवतात, स्टेजवरच्या माइकचा आवाज त्या तारेतून चुंबकीय लहरींच्या रूपात जातो आणि मशीनमध्ये ‘टी’ मोड असेल तर तो थेट तिथे पोचतो, कुजबुज न येता. आणि अजिबात ऐकू न येणाऱ्यांचं म्हणाल तर एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली, अनवाणी उभी राहून वाजवते कारण कंपनं पायातून कळतात, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात वादकांच्या ताफ्याच्या पुढे तीच होती. गाणं कुणाला किती पोचतं हे ठरवणारे आपण कोण?

दृष्टिहीनांबद्दल तर मला जास्त लिहायचीही गरज वाटत नाही. रवींद्र जैन जन्मापासून दृष्टिहीन होते आणि त्यांनी दिलेलं संगीत आपण सगळे गुणगुणतो. नाटक तर अर्ध्याहून जास्त कानानेच बघायचं असतं, आणि उरलेल्यासाठी परदेशात इयरफोनवर हळू आवाजात वर्णन सांगतात, कोण आलं, कोणी पाठ फिरवली, आणि प्रयोगाआधी स्टेजवर नेऊन नेपथ्य आणि कपडे हाताने बघू देतात. याला यंत्रांपेक्षा माणसांची इच्छा जास्त लागते.

रॅम्पचा खर्च. एक फूट लांबीला एक इंच चढ हे प्रमाण धरलं तर सहा इंचाच्या एका पायरीला सहा फुटांचा उतार पुरतो. हो, जिथे वीस पायऱ्या चढून प्रेक्षागृह आहे अशा जुन्या इमारतीत रॅम्प बसणार नाही, तिथे लिफ्ट लागेल आणि तिला पैसे लागतील, हे मान्य. पण म्हणून एका पायरीवाल्यांनीही करायचं नाही?

आणि घरी टीव्हीवर बघा. मावशी, तू तरी हे पुढे पाठवायला नको होतंस. तिसरी घंटा झाल्यावर दिवे मंदावतात तेव्हा बाबांचा चेहरा कसा होतो ते तू पाहिलंयस.

गेल्या वर्षी उपनगरातल्या एका नाट्यगृहात गेलो होतो. डोअरकीपर म्हणाला व्हीलचेअर बाहेर ठेवा, मग दोन अनोळखी मुलांनी बाबांना काखेत धरून अकराव्या रांगेपर्यंत नेलं. मुलं चांगली होती. पण बाबा त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, कारण त्यांना माहीत होतं की तिथल्या बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जात नाही. मध्यंतरात मी चहा आणला तर म्हणाले, नको. या फॉरवर्डमध्ये बाथरूमचा उल्लेखच नाही, लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसेल.

बाबांच्या तिकिटावर शेवटी शेजारचे काका गेले. पुढच्या महिन्याच्या प्रयोगासाठी मी बुकिंग खिडकीवर आधी फोन करून चारच गोष्टी विचारणार आहे, दारापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती, व्हीलचेअरसकट बसायची जागा कुठल्या रांगेत, बाथरूमचं दार किती रुंद, आणि सोबतच्या माणसाची खुर्ची शेजारी मिळेल का. तुम्हीही विचारा, तुमच्या घरात व्हीलचेअर नसली तरी विचारा. उत्तर नाही मिळालं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते, आणि ती मी करणार आहे. मावशी, तुझ्या भिशीच्या ग्रुपवर हे टाक.