‘एको करून पाइप मारला की झालं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सवर प्रोग्राममधून पासवर्ड देण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोग्राममधून सुडोची (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने चालणारी) कमांड चालवायची तर एको या मजकूर छापणाऱ्या कमांडने पासवर्ड छापायचा, पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) ‘सुडो मायनस एस’ला, म्हणजे इनपुटमधून पासवर्ड घेणाऱ्या सुडोला, द्यायचा, बास. एको ही शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटातलीच कमांड, वेगळा प्रोग्राम नाही, त्यामुळे पासवर्ड पीएसमध्ये (चालू प्रोग्रामांच्या यादीत) दिसतो हे माझं विधान चूक. आणि छोट्या कारखान्यातल्या एका मशीनसाठी एवढा बाऊ कशाला?

मधला मुद्दा मान्य. ‘एको पीएसमध्ये दिसतो’ असं सरसकट लिहायला नको होतं, आजच ते वाक्य बदलतो. टर्मिनलवर स्वतः टाइप केलंत तर पासवर्ड पीएसमध्ये येत नाही (हिस्टरीत राहतो, ते सोडा). पण आपण प्रोग्रामबद्दल बोलतोय ना? पायथनमध्ये ‘शेल=ट्रू’ लिहिलं की मागे ‘एसएच मायनस सी’ म्हणजे वेगळं शेल उभं राहतं आणि पाइपसकट अख्खी ओळ त्याचं आर्ग्युमेंट होते. कमांड संपेपर्यंत ती ओळ त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही पीएसमध्ये सहसा वाचता येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बिलिंगची तीन पोरं एकाच लिनक्स मशीनवर लॉगिन करायची. मशीन स्लो झालं म्हणून एकाने पीएस मारलं आणि मला फोन, ‘सर, मालकांच्या नातवाचं नाव हितं कसं काय दिसायलंय ओ?’ तोच पासवर्ड होता. छोटा कारखाना म्हणून बाऊ नको म्हणता, पण छोट्या कारखान्यातच सगळे एका मशीनवर असतात.

पण तुमच्या पद्धतीतली खरी गोम वेगळीच आहे, आणि ती मूळ लेखात लिहायची माझ्याकडूनच राहिली. सुडोने एकदा पासवर्ड घेतला की काही वेळ तो परत विचारत नाही. आमच्या उबंटूवर 15 मिनिटं. त्या वेळात पाइपमधून आलेली पासवर्डची ओळ सुडो वाचतच नाही. मग ती जाते कुठे? पुढच्या कमांडच्या इनपुटमध्ये. माझी एक स्क्रिप्ट आधी पासवर्ड आणि त्यामागे नवीन होस्ट्स फाइलचा (मशीनांची नावं आणि पत्ते असलेल्या फाइलचा) मजकूर असं सगळं ‘सुडो मायनस एस टी’कडे ढकलायची; टी म्हणजे आलेलं इनपुट फाइलमध्ये लिहिणारी कमांड. रोज नीट चालायची. एके दिवशी त्याच टर्मिनलवर आधी दुसऱ्या कामाला सुडो वापरलं आणि लगेच ही चालवली. टीने इमानेइतबारे पासवर्ड होस्ट्स फाइलची पहिली ओळ म्हणून लिहून ठेवला. ती फाइल सगळ्यांना वाचता येते. काहीच बिघडलं नाही, म्हणून कळलंही नाही. दीड महिन्याने नवीन प्रिंटरचा पत्ता घालायला फाइल उघडली तेव्हा दिसलं. ‘मायनस के’ जोडलं तर सुडो जुनी ओळख विसरून पुन्हा विचारतो, पण सुडोअर्समध्ये (सुडोच्या नियमांच्या फाइलीत) त्या कमांडला नोपासवर्ड, म्हणजे पासवर्ड न विचारायची सूट, लागलेलं असेल तर तेही कामाचं नाही.

दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला तर तुमचा पाइप चालतच नाही. तो पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून (पाइप जिथे जोडतो तिथून) घेत नाही, थेट /डेव्ह/टीटीवाय, म्हणजे टर्मिनलच, उघडतो. ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टर्मिनलच नसतं, तिथे तो हात वर करून मोकळा होतो. हाताने चालवलं तर प्रोग्राम एसएसएचच्या उत्तराची वाट बघतो आणि एसएसएच तुमची.

तुम्ही एक्सपेक्टचं, म्हणजे माणसाऐवजी प्रश्नांना उत्तरं टाइप करणाऱ्या प्रोग्रामचं, नाव काढलंत. 1990 पासूनचं हत्यार आहे, डॉन लिब्स यांचं. ते खोटं टर्मिनल उभं करतं, म्हणून एसएसएच फसतो. पण प्रॉम्प्ट (पासवर्ड विचारणारी ओळ) यायच्या आत पासवर्ड पाठवलात तर तो गायब: टाइप केलेलं पडद्यावर दिसणं बंद करताना एसएसएच आधी टाइप झालेलं सगळं फेकून देतो. म्हणजे प्रॉम्प्टची वाट बघणं आलं, आणि प्रॉम्प्टचे शब्द समोरच्या मशीनप्रमाणे बदलतात. जुना नेटवर्क स्विच पासवर्डशिवाय दुसरं काही घेतच नसेल, तर मीही एक्सपेक्टच वापरतो. तिथे तुमचं बरोबर.

बाकी सगळीकडे प्रोग्रामला पासवर्ड विचारलाच जाणार नाही अशी सोय करतो. सुडोला ‘मायनस एन’ आणि एसएसएचला ‘बॅचमोड यस’, म्हणजे विचारायची वेळ आली की अडकून न बसता लगेच एरर. सुडोअर्समध्ये नोपासवर्ड फक्त एका स्क्रिप्टला, पूर्ण पाथ देऊन. आणि ती स्क्रिप्ट व तिचा फोल्डर रूटच्या मालकीचा, इतरांना लिहिता न येणारा. नाहीतर ज्याला स्क्रिप्ट बदलता येते तोच रूट. एसएसएचची की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) वेगळी काढायची आणि समोरच्या मशीनवर तिला एकाच कमांडपुरतं बांधायचं. मायएसक्यूएल डेटाबेसच्या बॅकअपला पासवर्ड 600 परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) वेगळ्या फाइलमध्ये. पहिल्यांदा लावायला अर्धा तास जातो, हे कबूल.

तीन वर्षं तुमचं बिनघोर चाललंय म्हणता, ते खोटं म्हणत नाही. फक्त एक सांगा: तुमचा प्रोग्राम क्रॉनमधून चालतो की तुम्ही टर्मिनलवरून हाताने चालवता? हाताने चालवत असाल, तर तो ज्या फाइलींत लिहितो त्यांची पहिली ओळ आज एकदा उघडून बघा आणि काय दिसलं ते इथेच कळवा.