अहो, त्यांना खाऊ द्या ना!

बस्स झालं आता! पहाटे उठायचं, भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या, दुर्बीण गळ्यात अडकवून ठाण्याच्या खाडीवर पोचायचं, आणि तिथे काय? स्पीकरवर दणदणीत गाणी! पक्षी बघायला आलात की वरातीला?

परवाचीच गोष्ट. ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा माना खाली घालून, चोची उलट्या धरून शेवाळ गाळून खात होता. त्यात दोन-तीन पिल्लं, अजून राखाडीच. एकाने आधी टाळ्या वाजवल्या. मग दगड भिरकावला. का? तर म्हणे उडतानाचा व्हिडिओ हवा! अख्खा थवा चिखलातून धावत सुटला. अहो, हा पक्षी जागच्या जागी उडत नाही, त्याला आधी धाव घ्यावी लागते. केवढी ताकद जाते त्यात! आणि चिखल उघडा असतो तो किती वेळ? तेवढ्यातच पोट भरायचं असतं त्यांना. तुमच्या पंधरा सेकंदांच्या रीलसाठी त्यांच्या तोंडचा घास काढायचा?

वर ड्रोनची घरघर. तिवरांच्या मुळांत वेफर्सची पाकिटं. हटकलं की, "खाडी काय तुमच्या बापाची आहे का?" नाही, माझ्या बापाची नाही. पण तुमच्याही नाही! २०१५ साली इथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं, ते कुणासाठी? तुमच्या सेल्फीसाठी?

तासाभराने लांब पायांचे शेकाटे पक्षी परतले. मग पाणी चढलं, चिखल बुडाला. रोहित काही परत आले नाहीत.