अंगण आहे म्हणून पिल्लू आणू नका

"मुलांना मोबाईलपासून सोडवायचंय? पिल्लू आणा. मुलंच सांभाळतात, अंगण आहेच, उरलेली शीतकडी (भात आणि माशाची आमटी) पुरते, आणि गोव्यातून रेबीज तर गेलाच आहे." शाळांना सुट्टी लागली की हा संदेश गटागटांतून फिरू लागतो. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत घातक आहे.

गोवा २०२१ मध्ये 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाला. नियंत्रित, मुक्त नव्हे. वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचत राहिल्यामुळे हे जमलंय, म्हणून लस चुकवायला हे कारण चालत नाही. पिल्लाला बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची लस आणि वर्षाने पुन्हा डोस. चावा किंवा ओरखडा कुठल्याही कुत्र्याचा असो, जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि आरोग्य केंद्र गाठायचं.

अंगणाचं म्हणाल तर धोका तिथंच जास्त. पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, माती नाही. आधीचं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं असेल, तर त्याच अंगणात नवं, लस न झालेलं पिल्लू सोडणं म्हणजे जाणूनबुजून मारणं. पार्वो आणि डिस्टेंपर (विषाणूमुळेच होणारा दुसरा जीवघेणा आजार) यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. मेमध्ये दोन महिन्यांचं पिल्लू आणलंत, तर हे डोस पुरे होण्याआधी पाऊस दाराशी येतो. मग उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) साचलेल्या पाण्यातून त्याला गाठतो, आणि तो माणसांनाही होतो. त्याच्या लशीचे दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, व्हेटला विचारून पावसाआधी बसतील असे ठरवा. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला नियमानेच बंदी आहे. कोणी "महिन्याचंच आहे, लळा लागेल" म्हणून देऊ करत असेल तर तिथूनच परता.

शीतकडीत कांदा-लसूण असतो. त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. वर मीठ, आणि घशात अडकणारे काटे. नुसत्या भाताने पोट भरतं, हाडं-स्नायू वाढत नाहीत. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, पिल्लांसाठीच तयार केलेलं खाणं लागतं. मीठ-मसाला न घालता उकडलेला, काटे काढलेला बांगडा अधूनमधून चालेल.

आता "मुलंच सांभाळतात". या वयाचं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही, रात्रीसुद्धा. पाचवीतलं पोर रात्री दोनला उठणार आहे का? शिवाय कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. ते पोर कॉलेज आटपून पुण्याला नोकरीला गेलेलं असेल, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवायला आई-बाबा. लघवी फिनेलने पुसू नका: पंजाला लागलेलं फिनेल चाटण्यातून पोटात जातं. एन्झाइमवाला क्लीनर वापरा. वास उरला तर पिल्लू तिथंच परत बसतं.

आणण्याआधी एक आठवडा रात्री ११, २ आणि ५ चे गजर लावा. घरातल्या मोठ्यांपैकी कोण उठतं ते बघा. कोणी उठत नसेल, किंवा सकाळी आठ ते संध्याकाळी पाच घराला कुलूप असेल, तर निवारा केंद्रातला लस आणि नसबंदी झालेला दीड-दोन वर्षांचा गावठी कुत्रा आणा. तोही दिवसभर कुलपात राहायला नको. दुपारी एकदा बाहेर काढणारं माणूस आधी ठरवा.