छोट्या कॅबिनेटमधला पीसी मराठवाड्याच्या उन्हात जळत नाही

लग्नसराई जवळ आली की फोटो स्टुडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. परभणी, बीड, लातूर, नांदेड, सगळीकडे तोच. त्याचं म्हणणं असं: छोट्या कॅबिनेटमध्ये दमदार पीसी बांधू नका. आपल्याकडच्या उन्हात तो जळतो. तगडे पार्ट त्यात बसत नाहीत. छोटा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आपल्या व्होल्टेजला टिकत नाही. धूळ काढता येत नाही. बिघडला तर गावात दुरुस्त होत नाही. म्हणून मोठा टॉवरच घ्या.

मी एडिटिंग आणि ड्रोन सर्व्हे करणाऱ्यांसाठी मशीन असेंबल करतो. हा मेसेज वाचून पोरं ठरवलेलं चांगलं मशीन रद्द करतात आणि त्याच पैशात काचेचा भलामोठा टॉवर घरी नेतात, ते बघून वाईट वाटतं. दुरुस्तीचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. बाकीचं नीट तपासून बघू.

आधी उन्हाचं. पीसी जेवढे वॅट खातो, जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ४०० वॅट खाणारं मशीन १० लिटरच्या डब्यात असो की ५० लिटरच्या टॉवरमध्ये, खोलीत ४०० वॅटच सोडणार. टॉवरमधली रिकामी जागा ही उष्णता पोटात घेत नाही. ती वाहत्या हवेबरोबरच बाहेर जाते. तेव्हा विचारायचं ते हवा किती वाहते हे. ताशी १०० घनमीटर हवा वाहिली, तर ४०० वॅटमुळे ती साधारण १३ अंशांनी तापून बाहेर पडते. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा मोकळ्यावर एवढी हवा ढकलतो. मध्ये जाळी आणि हीटसिंक (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्या) आले की कमी, म्हणून दोन लावायचे. टॉवरसाठीही हिशोब हाच.

आता आपल्याकडे सर्रास खपणारे टॉवर बघा. पुढे काच, बाजूला काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे, आणि हवा आत यायला कडेला बोटभर फट. याउलट बऱ्याच चांगल्या छोट्या कॅबिनेटची बाजूच जाळीची असते आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे त्या जाळीला जवळजवळ टेकलेले असतात. कार्ड थेट खोलीतली हवा ओढतं. बंद टॉवरमध्ये तेच कार्ड आतली तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतं.

खोली २५ अंशांवरून ४० वर गेली की आतला प्रत्येक पार्ट जवळपास १५ अंशांनी जास्त तापतो. छोट्यातही, मोठ्यातही. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणं नेहमीचं, त्यामुळे काळजी करणं योग्यच आहे. पण ‘जळतो’ हे चूक. उदाहरणार्थ रायझन ९-७९५०एक्स हा प्रोसेसर बघा. त्याची तापमानाची मर्यादा ९५ अंश. तिथं पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. फारच झालं तर मशीन बंद पडतं. रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) लांबतो, हा तोटा आहेच.

तो तोटा टाळायचा उपाय मात्र मेसेजवाले कधी सांगत नाहीत. हा १६ कोअरचा प्रोसेसर मूळ सेटिंगवर २३० वॅटपर्यंत खातो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेची सेटिंग, लावला की १४२ किंवा ८८ वॅटवर थांबतो. १४२ वर रेंडरमधला फरक घड्याळ लावल्याशिवाय लक्षात येत नाही. ८८ वर येतो, पण वॅट निम्म्याहून खाली आलेले असतात आणि काम काही निम्मं होत नाही. शेवटचा थोडासा वेग काढण्यासाठी प्रोसेसर वीज भरमसाट खातो, म्हणून असं होतं. एप्रिल-मे इको मोडवर काढा, मृगाचा पाऊस झाला की मोकळा सोडा. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिटही अशीच सॉफ्टवेअरमधून खाली आणता येते. मराठवाड्यात मी प्रत्येक मशीन, अगदी टॉवरसुद्धा, याच पद्धतीने लावून देतो.

कूलरबद्दल एक सांगायलाच हवं. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाण्याचा कूलर खोलीचा पारा छान उतरवतो आणि त्याचा फायदा पीसीलाही होतो. मात्र कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात.

‘तगडे पार्ट बसत नाहीत’ हे म्हणणं जुनं झालं. छोट्या कॅबिनेटमधला मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड चौरस असतो, प्रत्येक बाजू १७० मिलिमीटर. व्हिया कंपनीने हा आकार २००१ मध्ये आणला तेव्हा तो खरंच कमी ताकदीच्या मशीनसाठी होता. आज त्याच चौरसात वर सांगितलेला १६ कोअरचा प्रोसेसर बसतो. रॅमचे स्लॉट दोनच, पण ४८ जीबीच्या दोन स्टिकने ९६ होतात, आणि आता ६४ जीबीच्या स्टिक आल्याने १२८ सुद्धा. लग्नाच्या फोरके टाइमलाइनला आणि ड्रोनच्या फोटोंचा नकाशा जोडायला एवढं पुष्कळ झालं. कार्डाचं बोलायचं तर आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा हे २० जीबी मेमरीचं कार्ड फक्त ७० वॅट खातं आणि उंचीला नेहमीच्या कार्डाच्या निम्मंच असतं.

मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. स्लॉट एकच, म्हणजे दोन ग्राफिक्स कार्डं विसरा. थ्रेडरिपर हा आणखी मोठा प्रोसेसर नेहमीच्या मिनी-आयटीएक्सवर येत नाही. जुन्या लग्नांचा डेटा चार-पाच हार्ड डिस्कवर ठेवणाऱ्याला यात जागा पुरणार नाही. ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० काही छोट्या कॅबिनेटमध्ये बसतं, पण तीन स्लॉट जाडीचं आणि ३० सेंटिमीटर लांबीचं ते कार्ड बिगर-एसीच्या खोलीत दिवसभर चालवायचं असेल, तर मीच सांगेन, जाळीचा मोठा टॉवर घ्या. त्यात मोठे पंखे बसतात, ते हळू फिरतात, आवाज कमी होतो.

व्होल्टेजचा मुद्दा ऐकायला पटतो, पण त्याचा आकाराशी संबंध नाही. चांगल्या एसएफएक्स (छोट्या आकाराच्या) एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १८० वर आलं, तरी तो चालतो. कॉर्सेअरच्या एसएफ मालिकेचा सप्लाय तर ५० अंशांपर्यंत सलग पूर्ण भार देण्यासाठी बनवलेला आहे. जळतात ते टॉवरबरोबर फुकट येणारे बिननावाचे एसएमपीएस, आणि ते आकाराने मोठेच असतात. त्रास होतो तो वेगळ्याच ठिकाणी: या चांगल्या सप्लायना स्वस्त यूपीएसची खोटी साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसलेली लाट) काही वेळा मानवत नाही, लाईट गेली की मशीन धपकन बंद होतं. यूपीएस किंवा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. आणि इथंही वॅट कमी असलेले बरे. १५० एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर ३०० वॅटचं काम चारेक तास चालतं. ६०० वॅटचं दोन तासही मुश्किलीने.

धुळीचं थोडक्यात. छोट्या हीटसिंकच्या पात्या जवळजवळ असतात, त्यामुळे त्या लवकर चोंदतात, हे बरोबर. जिनिंगच्या आसपास स्टुडिओ असेल तर कापसाचे तंतूही अडकतात. पण बऱ्याच छोट्या कॅबिनेटच्या बाजू हाताने निघतात, ब्लोअर मारायला पाच मिनिटं लागतात. दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एवढं केलंत तर पुरे.

राहिली दुरुस्ती. एसएफएक्स एसएमपीएस किंवा मिनी-आयटीएक्स बोर्ड तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, पुण्या-मुंबईहून कुरिअरने मागवावा लागतो. बोर्डाची किंमतही तेवढ्याच दर्जाच्या मोठ्या बोर्डापेक्षा जास्त पडते. मेसेजमधलं हे मान्य. म्हणून ज्याचं मशीन एका जागी राहणार आहे आणि टेबलाखाली जागा आहे, त्याने हा जादा खर्च करू नये. पण जो हिंगोलीच्या लग्नाला गाडीत मशीन टाकून नेतो आणि मांडवातच हळदीचा व्हिडिओ कापून देतो, त्याला पाठपिशवीत मावणारं मशीन पैसे मिळवून देतं.

ऐन लग्नात एसएमपीएस गेलाच, तर कुरिअरची वाट बघत बसू नका. जवळच्या दुकानातून चांगल्या कंपनीचा, पुरेशा वॅटचा साधा मोठा एटीएक्स सप्लाय आणा आणि कॅबिनेटची बाजू काढून तो बाहेर टेबलावर ठेवा. बोर्डाचे आणि प्रोसेसरचे कनेक्टर तेच असतात. कार्डाला लागणारा कनेक्टर आहे का, तेवढं दुकानातच बघून घ्या. काम पूर्ण होतं. फक्त जुन्या सप्लायच्या सुट्या केबल नव्याला जोडू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. केबल बरोबर बसल्यासारखी दिसते आणि बटण दाबताच डिस्क जाते, डेटासकट.