डोंगरातल्या गावाला विचारतं कोण?

‘नवीन महाबळेश्वर’वरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस धुसफूस चालू आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या दोन्ही अंगांना एमएसआरडीसीनं (राज्याच्या रस्ते विकास महामंडळानं) नवं गिरिस्थान आखायला घेतलंय. सुरुवातीला २३५ गावं होती, नंतर त्यांत आणखी जवळजवळ तीनशेंची भर पडली. वाईतला चुलतभाऊ म्हणतो, जावळी-पाटणच्या पोरांनी किती पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून ओझी उचलायची? होऊ द्यात हॉटेलं. पुण्यातली आत्या म्हणते, सह्याद्रीचं वाटोळं करायला निघालात. वाद तापला की दोघंही माझ्याकडे वळतात: तू तिकडं आहेस, स्वित्झर्लंडनं कसं केलं ते सांग.

मी राहते म्युनिकला, म्हणजे जर्मनीत. नातेवाइकांच्या लेखी हा फरक किरकोळ आहे. पण यंदाच्या जुलैत आई-अण्णा आले होते, तेव्हा गाडी काढून आम्ही ऑस्ट्रियातलं टिरोल, इटलीतली रेशेन खिंड आणि स्टेल्व्हिओ घाट, मग स्वित्झर्लंडमधलं एंगाडीन, आंदरमाट, फुर्का खिंड असं करत पार वालिस प्रांतापर्यंत गेलो. त्यामुळे आता थोडं बोलायचा हक्क मिळाला असं समजते.

पहिला धडा ऑस्ट्रियात शिरल्या शिरल्या मिळाला. शनिवार, सुट्ट्यांचा हंगाम, फर्न खिंडीकडे गाड्यांची रांग. फोनवरचा नकाशा सांगत होता की शेजारच्या गावातून काढलीत तर वीस मिनिटं वाचतील. त्या फाट्यावर पोलीस उभा. त्याच गावात मुक्काम असेल तर जा, नाहीतर परत रांगेत. २०१९पासून टिरोलनं हंगामातल्या शनिवार-रविवारी असे आडरस्ते बाहेरच्या वाहतुकीला बंद केले आहेत. आमच्या बव्हेरिया प्रांतात यावर कायम ओरड असते, आमच्या इमारतीतले शेजारीही चिडतात, आणि त्या रांगेत मीही चिडले होते. तेवढ्यात मागच्या सीटवरून आई म्हणाली, "असा एक पोलीस पसरणी घाटाच्या तोंडाशी उभा केला तर शनिवारी आपल्याला मंडईत तरी जाता येईल." वाईच्या माणसाला पाचगणीला निघालेल्या गाड्यांचा जो राग येतो, तो मी लहानपणापासून ओळखते. इथं मात्र पुण्याची गाडी मीच होते. परदेशात राहून मायदेशाला उपदेश करणाऱ्यांनी एकदा असं उलट्या बाजूला बसून बघावं.

रेशेनला तळ्यातून वर आलेला चर्चचा मनोरा आहे. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. धरणासाठी १९५० साली ग्राउन हे गाव तिथं बुडालं, दीडशेहून अधिक घरं गेली. गाव इटलीत, पण जर्मन बोलणारं, आणि १९४० साली योजनेची नोटीस लागली ती इटालियनमध्ये! काठावर सेल्फीवाल्यांची झुंबड होती. मुलांना मनोरा भारी वाटला. अण्णा मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझ्या आज्जीच्या बहिणीचं सासर असंच गेलं." कोयनेत. त्या धरणातून उठलेल्या लोकांना रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर असं कुठं कुठं नेऊन टाकलं. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली कोयनेचे धरणग्रस्त इतक्या वर्षांनीही आपल्या जमिनीसाठी ठिय्या देतात. वीज राज्याला मिळाली, आणि उरलेल्या पाण्याकाठच्या तापोळ्याला आपण ‘मिनी काश्मीर’ म्हणून बोटिंग सुरू केलं. आता त्याच खोऱ्यात दुसरी मोठी योजना येतेय. पहिल्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून या वेळी विचारण्याला जास्त महत्त्व आहे. चुलतभावाचं नेमकं इथंच चुकतं असं मला वाटतं. रोजगार हवा हे शंभर टक्के खरं. पण २०२४ साली झाडाणी गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण गाजलं ते याच भागातलं. जमीन गेल्यावर आलेल्या हॉटेलात गावचा पोरगा वेटर होतो, आणि वेटर व्हायला तो मुंबईलाही जाऊ शकला असता.

मधेच थोडं अण्णांबद्दल सांगायला हवं. सगळी नोकरी त्यांनी एसटीचं स्टिअरिंग हातात धरून काढली, वाई आणि महाबळेश्वर डेपोत. स्टेल्व्हिओची ४८ वळणं त्यांनी शेजारच्या सीटवर बसून माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक गिअरवर टीका करत पार पाडली. "आंबेनळी घाटात धुक्यात हे करून दाखवा" हा शेरा. पण फुर्का खिंडीत ते हरखले. वळणाआडून तीन सुरांचा भोंगा आला आणि पाठोपाठ पिवळी बस. स्वित्झर्लंडच्या पोस्टाची ही बस, आणि तिच्या भोंग्याचे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मधले. निळ्या पाटीवर पिवळा भोंगा रंगवलेल्या डोंगरी रस्त्यांवर तिला पहिला मान असतो. अडचण झाली तर तिचा ड्रायव्हर सांगेल तसं बाकीच्यांनी गाडी मागे घ्यायची, असा कायदाच आहे. आम्ही घेतली. "म्हंजे एसटी आली की फॉर्च्युनर मागं?" अण्णांनी तीनदा खात्री करून घेतली आणि त्या ड्रायव्हरला कडक सलाम ठोकला. आपल्याकडे हिल स्टेशनच्या आराखड्यावर बोलताना रोपवे येतो, हेलिपॅड येतो. घाटातल्या मुक्कामी एसटीला पहिला मान द्या, असं कुणी म्हणाल्याचं माझ्या कानावर नाही.

वालिसमध्ये झर्मॅटला जायचं तर टेशला गाडी ठेवावी लागते. पुढे पाच किलोमीटर रस्ता आहे, पण तो तुमच्यासाठी नाही, आगगाडीनं जायचं. मोटारी जिथं थांबतात तो माथेरानचा दस्तुरी नाकाच म्हणा. फरक असा की झर्मॅटमध्ये मोटारी नकोत हे गावकऱ्यांनी मतदान करून ठरवलं, आणि माथेरानात साध्या ई-रिक्षेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, हे २०२५च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं. झर्मॅटमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. विजेच्या चिमुकल्या टॅक्स्या अंगावर येतात, जेवणाची बिलं बघून आईनं दोन्ही वेळा डब्यातले ठेपले काढले. पण गावातल्या जुन्या घराण्यांची जी बुर्गरगेमाइंडं नावाची सामाईक संस्था आहे, तिची स्वतःची हॉटेलं आहेत. पर्यटकाच्या खिशातला पैसा निदान काही प्रमाणात गावाच्या तिजोरीत पडतो.

एवढ्यावर थांबले तर आत्या लगेच टाळ्या वाजवेल, म्हणून पुढचंही सांगते. २०१२च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडनं देशभर मतदान घेतलं: कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरली जाणारी घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांवर नेऊ नयेत. ठराव ५०.६ टक्क्यांनी, म्हणजे काठावर पास झाला. पास केला तो मुख्यतः सपाटीवरच्या शहरी मतदारांनी. वालिसमध्ये चारातल्या जवळपास तिघांनी विरोधात मत दिलं होतं. बांधकाम हाच तिथला धंदा, आणि झुरिकचे लोक सांगणार आमच्या गावात काय बांधायचं? हा युक्तिवाद कुठं ऐकलाय असं वाटतं ना? पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठीच्या अहवालावर सिंधुदुर्ग-कोल्हापुरात नेमकं हेच बोललं गेलं. गंमत म्हणजे पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांच्या २०११च्या त्या अहवालात निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या असंच म्हटलं होतं. आपण तो ‘विकासविरोधी’ म्हणून बाजूला ठेवला, नंतर त्याच विषयावर कस्तुरीरंगन समिती आणली, आणि २०२४च्या जुलैत घाटातलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. इतके मसुदे निघाले, पण गावागावात जाऊन कुणी हात वर करायला सांगितलं का?

ग्रामसभेत विचारलं तर गावं हॉटेलालाच हो म्हणतील, असं अण्णांचं मत. म्हणतीलही. वालिसही म्हणालंच की. पण मग सपाटीवरच्यांना हक्कानं ‘नको’ म्हणायचं असेल तर त्याचा खर्चही त्यांनी उचलायला हवा, आणि आल्प्समध्ये तो बऱ्याच अंशी उचलला जातो. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांत नेणाऱ्या शेतकऱ्याला स्विस सरकार थेट पैसे देतं. आम्ही ज्या हिरव्यागार उतारांचे फोटो ग्रुपवर टाकले ते आपोआप राहिलेले नाहीत. गुरं चरली नाहीत तर तिथं झुडपं माजतात. कास पठारावर आपल्याला हे उशिरा कळलं. आधी कुंपण घालून चराई थांबवली, मग फुलं कमी होतायत असं अभ्यासक म्हणू लागले, आणि कुंपण निघालं. पण कासनंच एक गोष्ट चांगली केली. दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, आणि कारभार आसपासच्या गावांच्या समितीकडे. तिथं शुल्काच्या पावत्या फाडणारी पोरं त्याच गावांतली आहेत. चुलतभावाला मी म्हणेन, तुझ्या रोजगाराचा नमुना साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर आहे, आल्प्सपर्यंत यायची गरज नाही.

टेशला पार्किंग आणि सहा जणांचं आगगाडीचं भाडं मिळून आम्ही जे मोजलं, तेवढ्यात सातारा जिल्ह्यात एक सुट्टी निघाली असती. आम्ही कुरकुरलो आणि भरले. कासचं शुल्क उद्या दुप्पट झालं, पसरणी घाटात शनिवारी गाड्यांवर कर बसला आणि तो पैसा जावळीच्या ग्रामपंचायतींकडे गेला, तर पुण्याहून येणाऱ्यांनीही खुशाल कुरकुरावं, आणि भरावेत.