"डॉक्टरांचं समाधान मोजता येत नाही" म्हणे!

नाशिकच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: समाधान म्हणजे काही ताप नाही मोजायला. असले सर्व्हे थोतांड, कुठे शून्य टक्के थकलेले तर कुठे ऐंशी टक्के. ज्याला झेपत नाही तो सोडून जातो. आमच्या वेळी कोणी कुरकुरत नव्हतं. फारच वाटलं तर एक योगशिबिर घ्या.

मोजण्याची साधनं आहेत, आणि जुनी आहेत. बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस पार थकून जाणं, मोजणाऱ्या आणि 1981 पासून वापरात असलेल्या मास्लाक प्रश्नावलीत 22 प्रश्न आहेत. भावनिक थकवा, रुग्णांबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही भावना, यांचे तीन गुण वेगवेगळे काढायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेची तर पाचच प्रश्नांची प्रश्नावली आहे. त्यातला एक प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का? नाइट करून आलेल्या पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला, विचारून पाहा.

शून्य ते ऐंशीचा मुद्दा मात्र खोटा नाही. 2018 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 182 अभ्यासांचा आढावा आला. त्यात बर्नआउटचं प्रमाण 0 ते 80.5 टक्के निघालं. कारणही तिथेच आहे: बर्नआउट कशाला म्हणायचं याच्या किमान 142 व्याख्या वापरल्या होत्या. ज्याने त्याने आपल्या सोयीची रेघ आखली, तर आकडे जुळणार कसे? म्हणून "नाशिकचे किती टक्के डॉक्टर थकलेत" हा प्रश्नच सोडून द्यावा. तीच प्रश्नावली, तोच विभाग, मागच्या वर्षीपेक्षा गुण घसरले की सुधारले, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

"सोडून जातो" हे लिहिणाऱ्याला बाँड, म्हणजे प्रवेश घेताना लिहून द्यावा लागणारा करार, माहीत नसावा. सीट सोडली तर दंड, पीजी झाल्यावर वर्षभर सक्तीची सेवा, वर घरचं कर्ज. टिकून राहणं म्हणजे खूश असणं नव्हे.

आमच्या वेळी? 1992 मध्येच केंद्राने निवासी डॉक्टरांसाठी साधारण सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये सुचवली ती 74 तासांची! कुरकुर नव्हती म्हणता, पण विचारलं कोणी होतं?

आणि विचारण्यातही गोम असते. इथल्याच एका रुग्णालयात फॉर्मवर नाव नको म्हणाले, पण विभाग, वर्ष आणि स्त्री की पुरुष हे भरायला सांगितलं. चार पीजींच्या विभागात नाव आणखी वेगळं काय लिहायचं? सगळ्यांनी "उत्तम" लिहिलं. फॉर्म विभागप्रमुखांच्या (एचओडींच्या) टेबलावरून जाणार असेल तर न भरलेलाच बरा. ते बाहेरच्या कोणीतरी गोळा करावेत आणि लहान विभागांचे निकाल एकत्र करूनच दाखवावेत.

योगाशी वैर नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-11 मध्ये, बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदला आहे. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, तेच ठेवून रविवारी पहाटे शिबिर लावलं, तर एक झोप आणखी गेली.

2027 चं सिंहस्थ स्नान तोंडावर आहे. तेव्हा कॅज्युअल्टीवर काय भार येईल ते नाशिककरांना सांगायला नको. गर्दीआधी एकदा आणि कुंभ सरल्यावर एकदा जागतिक आरोग्य संघटनेचे तेच पाच प्रश्न विचारा. शेजारी ड्युटी रजिस्टरमधले खरे तास मांडा, रोस्टरवर छापलेले नव्हेत.