धन्याचं पाणी, सुई आणि माझा आवाज

आमच्या मंगळवार पेठेतल्या भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला: "थायरॉईडचं ऑपरेशन करू नका. आवाज कायमचा जातो. सुई टोचली की साध्या गाठीचा कॅन्सर होतो. जन्मभर गोळ्यांचं व्यसन लागतं, वजन फुगतं. २१ दिवस धन्याचं पाणी प्या, गाठ विरघळते." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. माझी अख्खी ग्रंथी काढून दोन वर्षं झाली, त्यामुळं गप्प बसवेना.

आवाजाचं अगदीच बिनबुडाचं नाही. स्वरयंत्राच्या नसा ग्रंथीच्या मागून, श्वासनलिकेला लगटून वर जातात, दोन्ही बाजूंनी एकेक. ऑपरेशनात नस ताणली गेली तर आवाज घोगरा होतो, पण बहुतेकांचा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ववत होतो. सरावलेल्या हातांत कायमची इजा शंभरात एखाद्यालाच. म्हणून सर्जनना सरळ विचारावं, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? मी विचारलं, ते रागावले नाहीत. तीन आठवडे माझा घसा बसला होता. भाजीवाल्या मावशी रोज म्हणायच्या, "सर्दी झालीया व्हय गं?" यंदा जोतिबाच्या यात्रेत मी 'चांगभलं' म्हटलं तेव्हा शेजारच्यांनी वळून बघितलं. वरच्या पट्टीत गाणाऱ्यांनी मात्र तसं आधी सांगून ठेवावं.

सुईचं तर उलटंच आहे. बारीक सुईनं चार पेशी ओढून घेतात, त्यानं कॅन्सर होत नाही. शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी साध्याच असतात, आणि हे सुईमुळं कळलं की कितीतरी जणींचं ऑपरेशनच टळतं. ऑपरेशन नको म्हणणारा मेसेज नेमकी तीच तपासणी करू नका म्हणतोय!

गोळ्या. अर्धी ग्रंथी काढली तर अनेकींना लागतही नाहीत. पूर्ण काढली तर रोज लागते, कारण ग्रंथी जे बनवत होती तेच त्या गोळीत असतं. गोळी नव्हती तेव्हाची गत स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवलीय: पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण सुजत गेले, मंद होत गेले. याच ग्रंथीवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. आता सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी बघून डोस बसवतात, आणि तो बसला की वजन फुगायचं कारण उरत नाही. पथ्य एवढंच, गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-दूध अर्ध्या-एक तासानं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर रोज धारोष्ण दूध पिणाऱ्या आमच्या दाजींना हे पटायला महिना गेला.

धन्याचं पाणी खुशाल प्या. पाणी भरलेली गाठ कधीकधी आपोआपच बसते, आणि नाव होतं धन्यांचं.

खरं सांगायचं ते मेसेजात नाहीच. ग्रंथीच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या सहसा चार छोट्या ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. ऑपरेशननंतर त्या काही दिवस सुस्तावू शकतात. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, तिसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना माझी बोटं बधिर झाली, ओठांभोवती मुंग्या आल्या. अशक्तपणा समजून मी दुपारपर्यंत पडून राहिले. फोन केल्यावर कॅल्शियम वाढवून दिलं, तासाभरात बरं वाटलं. डिस्चार्ज कार्डावर ते छापलेलं होतं, पण तोंडी कुणी सांगितलं नव्हतं. त्या कॅल्शियमच्या आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं, तेही मला नंतर कळलं. गळा पटकन सुजला, श्वास कोंडला, तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं. पहिल्या २४ तासांत सगळे डोळ्यांत तेल घालून असतात ते त्यासाठीच.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. ग्रुपवर शांतता. रात्री एकीचा वेगळा मेसेज आला: "वहिनी, सोमवारी माझं आहे. मुंग्या म्हणजे नेमक्या कुठं आल्या होत्या?"